सखारामभाऊ जोखीम गटात

“पाण्याच्या बाबतीत या सखारामचा शब्द कधी खाली पडला असंल, तर दाखवून द्या!” असं सखारामभाऊ छातीवर हात मारून म्हणायचे, आणि सोनचाफा कॉलनीतल्या बेचाळीस घरांपैकी एकाचीही दाखवून द्यायची हिंमत नव्हती.

चिकलठाण्याच्या अलीकडं, जालना रोडपासून जरा आत असलेल्या या कॉलनीत नळाला पाणी आठव्या दिवशी यायचं. ते किती वाजता सुटणार, जोर किती असणार, पहिली दहा मिनिटं गढूळ येणार की नितळ, हे पंचांगात सापडलं नसतं. सखारामभाऊंकडे सापडायचं. एकतीस वर्षं त्यांनी लाईनमन म्हणून व्हॉल्व्हची चावी फिरवली होती. जमिनीखाली काय कुठं पुरलंय हे त्यांना इतकं पाठ, की लग्नाच्या वरातीतसुद्धा मध्येच पाय आपटून म्हणायचे, “हितं खाली आठ इंची हाय बरं का!” निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. ज्या कचरूला त्यांनी चावी धरायला शिकवलं, तोच आता या भागाचा लाईनमन होता. पाणी सोडायच्या आधी कचरू सखारामभाऊंना, म्हणजे त्याच्या दादांना, फोन करायचा, दादा कॉलनीच्या ग्रुपवर टाकायचे आणि बेचाळीस घरं आपापले नळ उघडायची. पहिलं पाणी गढूळ येतं म्हणून एरवी सगळे नळ बंद ठेवत, त्यामुळं दादांचा निरोप आला नाही तर दारापर्यंत आलेलं पाणी दारातूनच परत!

हे सगळं सुरळीत चाललं होतं, ते आशाबाईंनी बिघडवलं.

आशाबाई एकाहत्तर वर्षांच्या. कुणीतरी त्यांना निरोप पाठवला, ‘उद्यापासून पंधरा दिवस शहरातल्या सर्व पिठाच्या चक्क्या बंद! हा संदेश अकरा जणांना पाठवा.’ आशाबाईंनी अकरा जणांना कशाला, सगळ्या ग्रुपलाच पाठवला. झालं! तासाभरात चक्कीपुढं डबे घेऊन अख्खी कॉलनी उभी. चक्कीवाल्याला आपली चक्की बंद होणार हे माहीतच नव्हतं. तो घाबरून विचारायला लागला, “कोण गेलं? आपल्यातलं कोण गेलं?” त्या रांगेत कॉलनीचे अध्यक्ष नानासाहेबही होते. स्कूटरवर पुढं वीस किलो ज्वारी, मागं दहा किलो गहू. वळणावर स्कूटर कलंडली, ज्वारी रस्त्यावर आणि नानासाहेब ज्वारीवर.

नानासाहेबांचं क्रांती चौकात पडद्यांचं दुकान. वय अठ्ठावन्न. ज्वारीवर पडलेला माणूस स्वस्थ बसत नाही! त्याच आठवड्यात अफवांवरची एक कार्यशाळा होती, तिथं ते जाऊन आले. व्याख्यात्यांनी पडद्यावर वयोगटांचा तक्ता दाखवला. त्यात साठीच्या पुढचा खांब सगळ्यात उंच. खोटे निरोप पुढं ढकलण्यात म्हणे हीच मंडळी आघाडीवर. नानासाहेबांना एवढंच हवं होतं. चहा पिऊन, माहितीपत्रक खिशात घालून ते उठले ते थेट छपाईवाल्याकडं. दुसऱ्या दिवशी कॉलनीच्या फलकावर चकचकीत कागद लागला : ‘सोनचाफा कॉलनी वयोगटनिहाय अफवा प्रतिबंध धोरण’.

अठराच्या खालच्यांनी ग्रुपवर फक्त वाचायचं. अठरा ते साठ, म्हणजे नानासाहेब धरून, ‘विश्वासार्ह गट’. यांनी हवं ते लिहावं. आणि साठीच्या पुढचे ‘जोखीम गट’! त्यांनी आपला निरोप आधी पडताळणी समितीकडं अर्जात भरून पाठवायचा. समितीनं तपासला की मग तो हिरवी खूण लावून ग्रुपवर येणार.

सखारामभाऊंनी तो कागद चष्मा लावून वाचला, चष्मा पुसून वाचला, आणि मग त्यांचा आवाज कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत गेला.

“जोखीम? म्या काय गॅसची टाकी हाय का?”

“भाऊ, तुम्हाला उद्देशून नाही हो ते,” नानासाहेब म्हणाले. “धोरण आहे. सरसकट असतं.”

“सरसकट? अवं, सरकारनं मला अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर केलं, त्ये बी हार घालून! आन् तुमी सदुसष्टाव्या वर्षी संशयित करायलाव? पीठ आशाबाईनं सांडलं, झाडू माझ्या हातात काहून?”

“ज्वारी,” नानासाहेबांनी दुरुस्ती केली. “आणि सांडली माझी.”

घरी कडूबाईंना धोरणाचं काहीच वाटलं नाही. त्या बासष्टच्या. “म्या कवा काय लिवलंय ग्रुपवर? मला समदं त्वांडानं बोलता येतं,” म्हणून त्या भाकरी थापत राहिल्या. सखारामभाऊ मात्र त्या दिवशी दोनदा जेवायला बसले आणि दोनदा उठले.

शनिवारी सकाळी साडेआठला कचरूचा फोन आला.

“दादा, तुमच्या लाईनला उद्याचं पाणी आजच सोडायलोय. धाला. उद्या तिकडं जोडणीचं काम निघालंय.”

एरवी अर्ध्या मिनिटाचं काम! पण आता धोरण. सखारामभाऊंनी मोबाईलवर अर्ज उघडला. मजकूर : आज दहाला पाणी. माहितीचा स्रोत : मी.

पाच मिनिटांत उत्तर आलं : स्रोत अपुरा.

मग त्यांनी लिहिलं : कचरू.

उत्तर : कचरू कोण? दुसरा स्वतंत्र स्रोत जोडा.

सखारामभाऊंनी सरळ शिवराजला फोन लावला. शिवराज म्हणजे समितीचा प्रमुख. एकोणतीस वर्षांचा, घरी बसूनच कुठल्याशा कंपनीचं काम करणारा, स्वभावानं गरीब पोरगा. पण हातात शिक्का आला की गरिबाचाही तहसीलदार होतो.

“काका, माझा तुमच्यावर फुल भरोसा आहे,” तो म्हणाला. “पण प्रोसेस आहे ना. एक काम करा, कचरूंचा व्हॉल्व्हजवळचा फोटो पाठवा.”

सखारामभाऊ स्कूटर काढून व्हॉल्व्हवर गेले. कचरूला चावीसकट उभा केला, फोटो पाठवला. उत्तर आलं, फोटो जुना असू शकतो.

“जुना? आरं, त्यानं आजच दाढी केली हाय!” सखारामभाऊ फोनवर ओरडले.

“काका, आजचा पेपर हातात धरून फोटो काढा. तारीख दिसली पाहिजे.”

आता पेपर आणायला कोपऱ्यावर! दहा वाजत आलेले. शेवटी कचरूनं एका हातानं चावी फिरवली, दुसऱ्या हातानं छातीशी पेपर धरला, आणि कुणीतरी पळवून नेऊन सुटकेसाठी फोटो काढलेल्या माणसासारखा चेहरा करून उभा राहिला. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. एकानं तर विचारलं, “क्या हुआ मामू, किसने पकड्या इसको?”

पाणी सुटलं होतं. म्हणून सखारामभाऊंनी आता नवा मजकूर लिहिला : ‘पाणी सुटलं. जोर चांगला आहे. नळ उघडा, मोटारी लावा.’ सोबत पेपरवाला कचरू जोडला.

शिवराजचं उत्तर : ‘माझ्याकडून मंजूर. दुसऱ्या सदस्य तनुजाताईंची मंजुरी बाकी.’

तनुजाताई बजाजनगरला एका कंपनीत नोकरीला. त्यांची मीटिंग सुरू होती, फोन बंद.

सखारामभाऊ कॉलनीत परतले आणि गल्लीत उभे राहून ओरडायला लागले, “पाणी आलंय! नळ उघडा वो! पाणी आलंय!”

खिडक्या उघडल्या. लोकांनी आधी सखारामभाऊंकडं बघितलं, मग मोबाईलकडं.

“ग्रुपवर तर काहीच नाही, काका!”

“आज पाळी नाही ना पण!”

आशाबाईंनी तर हातच जोडले. “भाऊ, चक्कीचं माज्या लई अंगलट आलं. आता हिरवी खूण असल्याबिगर म्या देवाचं बी आयकत नाय.”

“आवं, नळ उघडून तर बघा! फुकट हाय!”

“नको. मागं बी फुकटच व्हतं,” म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली.

एवढ्या मोठ्या कॉलनीत पाणी भरलं ते एका घरी. कडूबाईंनी हौद भरला, टाक्या भरल्या, घागरी, पातेली, एक जुना दुधाचा कॅन भरला आणि उरलेल्या पाण्यानं अंगण धुऊन काढलं. साडेबाराला कचरूनं व्हॉल्व्ह बंद केला.

आणि एक वाजून दहा मिनिटांनी तनुजाताईंची मीटिंग संपली!

टिंग! बेचाळीस घरांतले मोबाईल वाजले. हिरवीगार खूण. ‘पडताळणी समितीने तपासलेली सत्य माहिती : पाणी सुटलं. जोर चांगला आहे. नळ उघडा, मोटारी लावा. – सखाराम.’

कॉलनीत नुसती धावपळ! नळ उघडले, हौदात पाणी पडतंय असं धरून मोटारी लावल्या. नळातून फुस्स आवाज आला आणि मोटारी कोरड्या घरघरायला लागल्या. नानासाहेबांची मोटार तर मोबाईलवर चालणारी. त्यांनी क्रांती चौकातल्या दुकानातून बटण दाबलं आणि एका गिऱ्हाइकाला पडदे दाखवण्यात गुंगले. तासाभरानं घरून फोन आला, की धूर निघतोय. मोटारीच्या मिस्त्रीनं झाकण उघडून नाकाला रुमाल लावला.

“नाना, क्या किए ये? अंदर से तो पूरा कबाब हो गया!”

एकूण नऊ मोटारी जळाल्या. संध्याकाळी सगळी कॉलनी सखारामभाऊंच्या फाटकापुढं जमली. अंगण धुतलेलं, अजून ओलं. दाराशी घागरी काठोकाठ. पुरावा म्हणून आणखी काय पाहिजे?

“स्वतः भरून घेतलं आणि मग आम्हाला सांगितलं!”

“वर म्हणे मोटारी लावा!”

“साडेआठला सांगितलं म्या!” सखारामभाऊंच्या कपाळावरची शीर उडायला लागली. “साडेआठला! इच्चारा त्या शिवराजला! त्या बिचाऱ्या कचरूला पेपर धरून उभा केला!”

शिवराज मान खाली घालून म्हणाला, “काकांची माहिती सबमिट केली तेव्हा खरी होती. पण पब्लिश झाली तेव्हा… टेक्निकली… खोटी होती.”

“आन् पब्लिश कुनी केली?”

“समितीनं. पण खाली नाव तुमचं आहे.”

सोमवारी सखारामभाऊंना छापील नोटीस मिळाली. दिशाभूल करणारा मजकूर प्रसारित केल्याबद्दल येत्या रविवारी दुपारी चार वाजता समाजमंदिरात खुलासा करावा. तोवर ग्रुपवर लिहिण्यास बंदी. नोटीस हातात धरून सखारामभाऊ बराच वेळ पायरीवर बसून राहिले. एकतीस वर्षांत त्यांना साधा मेमो मिळाला नव्हता. एकदा ऐन उन्हाळ्यात मोठी लाईन फुटली, तेव्हा ते दोन दिवस चिखलात उभे होते. कुणी म्हटलं नव्हतं की पेपर धरून फोटो काढा. कडूबाईंनी चहा आणून ठेवला, तो निवून गेला.

“सोडा की त्यो ग्रुप,” कडूबाई म्हणाल्या.

“सोडू? चोर हाय का म्या?”

चारपाच घरांत मिळून एकेक टँकर घेत कॉलनीनं आठवडा ढकलला, आणि शुक्रवारी दुपारी शिवराजनं ग्रुपवर एक पत्र टाकलं. विश्वासार्ह गट, त्यामुळं तपासणी नाही, काही नाही! वर गोल शिक्का, खाली सही, मध्ये जाड अक्षरांत : ‘जलवाहिनीच्या तातडीच्या कामामुळे पुढील बारा दिवस पाणीपुरवठा पूर्णपणे बंद राहील.’ शिवराजला ते त्याच्या मित्रानं पाठवलं होतं, मित्राला दुसऱ्या मित्रानं.

बारा दिवस! पुढच्या पाच मिनिटांत कॉलनीनं मिळतील तेवढे टँकर बोलावले. शुक्रवार संध्याकाळपासून टँकरची अशी रांग लागली, की शेवटचा टँकर जालना रोडवर उभा. आशाबाईंनी कूलरमध्येसुद्धा पाणी भरून ठेवलं, डिसेंबर महिन्यात!

त्या गडबडीत सखारामभाऊंच्या फाटकाशी श्रेया आली. नानासाहेबांची मुलगी, दहावीत. तिनं मोबाईल पुढं केला.

“आजोबा, पत्राची तारीख बघा ना.”

सखारामभाऊंनी चष्मा लावला. तारीख होती ३१ नोव्हेंबर.

“एकतीस नोव्हेंबर? असा दिवसच नसतोय की!”

“तेच तर! मी ग्रुपवर लिहायला गेले, तर मी अठराच्या खालची. फक्त वाचायचं. पप्पांना सांगितलं, तर म्हणाले अभ्यास कर. तुम्ही लिहा ना.”

“मला बंदी हाय, बाई.”

एकाला कॉलनीनं म्हातारं म्हणून गप्प केलं होतं, दुसरीला लहान म्हणून. आणि मधल्या वयाची सगळी शहाणी माणसं बाहेर टँकरच्या पाइपावरून भांडत होती.

“मग घरोघरी जाऊन सांगू या,” श्रेया म्हणाली.

सखारामभाऊ उठले. एक पाऊल पुढं टाकलं, आणि थांबले. गेल्या शनिवारी गल्लीत ओरडून झालेली शोभा त्यांना आठवली. फटकन् बंद झालेली खिडकी आठवली. त्यांच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक आली.

“नाय. आता नाय सांगायचं. परवा सांगू. भरल्या सभेत!”

“पण आजोबा, तोवर सगळे उगाच टँकर घेतील.”

“घेऊ दे! जरा कळू दे इश्वासार्ह गटाला!”

श्रेयाला ते पटलं नाही. तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसलं. पण ती मोबाईल घेऊन घरी गेली. सखारामभाऊंनी स्वतः टँकर बोलावला नाही, हे सांगायलाच नको. त्यांच्या हिशेबानं पुढचं पाणी सोमवारी सकाळी सहाला होतं. कडूबाईंनी हौदात डोकावून तळ दिसतोय म्हटलं, तर ते म्हणाले, “दिसू दे. सोमवारी काठोकाठ!”

रविवारी चारला समाजमंदिर गच्च भरलं. सखारामभाऊ इस्त्रीच्या सदऱ्यात. कडूबाईंनाही त्यांनी आग्रहानं पुढच्या रांगेत बसवलं होतं. नानासाहेबांनी नोटीस वाचली आणि विचारलं, “आपला खुलासा?”

सखारामभाऊंनी समितीपुढच्या टेबलावर आपला मोबाईल ठेवला. “हे बगा शनवारचे निरोप. आठ पस्तीस. नऊ. नऊ चाळीस. धा पाच. ह्यो कचरू. ह्यो पेपर. ही तारीख. आता सांगा, कोन कुनाची दिशाभूल करायलंय?”

सभेत कुजबुज झाली. त्यांना चेव चढला. एवढ्यात टेबलावरचा मोबाईल थरथरायला लागला. पडद्यावर नाव : कचरू. सभेचं काय झालं विचारत असंल, असं मनात म्हणून सखारामभाऊंनी तो बंद केला.

“आन् आता बगा इश्वासार्ह गटाचं!” त्यांनी शिवराजचं पत्र वर धरलं. “वाचा तारीख! मोठ्यानं वाचा!”

शिवराजनं वाचली. मग पुन्हा वाचली, यावेळी हळू. मग बोटांच्या पेरांवर महिने मोजले. सभेत हशा उठला आणि तो उठतानाच मध्ये अडकला, कारण हसणाऱ्या प्रत्येकाच्या हौदात टँकरचं पाणी होतं.

मोबाईल पुन्हा थरथरला. खेकड्यासारखा टेबलाच्या काठापर्यंत सरकत आला. सखारामभाऊंनी तो न बघताच दाबला.

“ही चूक कुनी धरली? ह्या पोरीनं! जिला तुमी लिहू देत नाय! ऊठ श्रेया, सांग!”

श्रेया उठली. तिच्या हातात कार्यशाळेचं माहितीपत्रक होतं. “पप्पा, तुम्ही आणलेलं हे पत्रक मी वाचलं. तक्ता पहिल्या पानावर आहे. मागच्या पानावर लिहिलंय, की फसतात सगळेच. मोठी माणसं ओळखीच्यानं पाठवलं म्हणून फसतात, तरुण घाईत फसतात, आमच्या वयाचे हसण्यावारी नेतात आणि फसतात. वय बघून कुणाला गप्प करू नका, असंही लिहिलंय.”

“मागचं पान चहानंतर होतं,” नानासाहेब पुटपुटले.

मग सखारामभाऊ जे सुटले! एकतीस वर्षं, चिखल, फुटलेल्या लाईनी, सगळं बाहेर आलं. कचरूचा फोन आणखी तीनदा आला, तो त्यांनी तीनदा बंद केला. शेवटी नानासाहेबांनी उभं राहून फलकावरचा कागद आणवला, सर्वांसमोर फाडला आणि म्हणाले, “भाऊ, चुकलं आमचं.” शिवराज पाया पडला. टाळ्या झाल्या. कडूबाईंनी सगळ्यात जोरात वाजवल्या. साडेसहा वाजले होते.

सखारामभाऊंनी घाम पुसला आणि ऐटीत कचरूला फोन लावला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला.

“बोल कचरू! जिंकलो आपुन!”

“दादा, व्हता कुठं तुमी? बाकीच्या लाईनींचं काम लवकर आटपलं म्हणून तुमचं उद्याचं पाणी आज साडेचारलाच सोडलं व्हतं. आत्ता बंद करून घरी निघालो. आता थेट पुढल्या आठवड्यात!”

मग मागून कुणीतरी सुस्कारा टाकून म्हणालं, “जाऊ द्या. आपले हौद भरलेलेच आहेत.” आणि खरंच, ज्यांनी ज्यांनी त्या खोट्या पत्रावर विश्वास ठेवला, ते सगळे निवांतपणे चपला घालून घरी गेले. कोरडा हौद अख्ख्या कॉलनीत एकाच घरी होता.

कडूबाई तडक उठल्या. घरी आल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या दोन्ही हातांत एकेक बादली दिली.

शिवराजचं घर सगळ्यात जवळ. त्यानं दार उघडलं, बादल्या बघितल्या आणि घाईघाईनं म्हणाला, “काका, बादल्या कशाला? पाईपच जोडून देतो की!”

सखारामभाऊ खाकरले. “त्ये पत्र मात्र खोटंच व्हतं बरं का, शिवराज.”

“एकदम खोटं, काका. हौद भरू की नुसती टाकी?”

सखारामभाऊंनी इकडं तिकडं बघितलं. गल्लीत कुणी नव्हतं.

“हौदच भर,” ते हळूच म्हणाले.